पुढच्या दाताची पुढची भिंत

वरचा ओठ थोडा उचला आणि पटाशीच्या दातांच्या वर, हिरडीवरून तर्जनी आडवी फिरवा. सऱ्या-वरंब्यांवरून पाय जावा तसं बोट वरखाली होतं. प्रत्येक वरंब्याखाली एका दाताचं मूळ आहे. मूळ आणि तुमचं बोट यांच्यामध्ये हिरडी आहे आणि हिरडीच्या आत हाडाचा एक पापुद्रा. तो किती जाड असेल? युरोपातल्या काही दंततज्ज्ञांनी दात काढताक्षणी खोबणीची भिंत मोजली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत सुळ्यापासून सुळ्यापर्यंतच्या दातांपुढची भिंत सरासरी ०.८ मिलिमीटर भरली. आपल्या खिशातलं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. दोन मिलिमीटर जाडीची भिंत शंभरात जेमतेम तीन ठिकाणी सापडली.

पुढचा दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचं कृत्रिम मूळ, बसवलं तर भोवतीचं हाड टिकतं का, या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी या कार्डाएवढ्या भिंतीत आहे. जाहिरातीत चकाकणारा स्क्रू दिसतो. भिंत कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. म्हणून हे प्रकरण भिंतीपासून सुरू करतो.

ती समजायला आधी मातीची भिंत पाहू. शिरूर कासार हा बीड जिल्ह्यातला, सिंदफणेच्या काठचा तालुका. या भागातल्या जुन्या गावठाणांत पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर माळवद, अशी घरं बांधत. माळवदाचं ओझं लाकडी खांबांवर असे. पण घर नांदतं असेपर्यंत माळवद भिंतीला पावसापासून राखी आणि घरातलं माणूस तिला दरसाल लिंपी. घर ओस पडलं, माळवद खचलं, की तीच भिंत चार पावसाळ्यांत ढिगारा होते. कोणी ती पाडत नाही. तिची गरज संपलेली असते आणि तिला राखणारं कोणी उरलेलं नसतं.

दाताच्या भिंतीचं तसंच आहे. दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. दोघांमध्ये तंतूंचा एक अगदी पातळ पडदा असतो आणि त्याच्या दोऱ्या एका टोकाला मुळात, तर दुसऱ्या टोकाला हाडात शिरलेल्या असतात. स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ विल्यम शार्पी यांच्या नावावरून त्यांना शार्पीचे तंतू म्हणतात. ज्या हाडात हे तंतू रुततात त्याला बंडल बोन असं नाव आहे. हे हाड दातासाठीच तयार होतं आणि दाताबरोबरच जातं. तंतूंच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या त्याला पोसतात. दाढांच्या भोवती बंडल बोनच्या मागे दुसरं जाड हाड असतं, त्यामुळे थोडं गेलं तरी निभावतं. वरच्या पुढच्या दातांसमोर मात्र बहुतेकांच्या भिंतीचा मोठा भाग हे बंडल बोनच असतं. दात निघाला, पडदा गेला, रक्त तुटलं, की भिंतीच्या मागे उभं राहायला कोणी नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या गटानं २०१३ साली हे आकड्यांत दाखवलं. पुढचा एकच दात काढलेल्या रुग्णांचे त्यांनी त्रिमितीय स्कॅन केले आणि आठ आठवड्यांनी पुन्हा केले. जिथं भिंत एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ होती तिथं तिची उंची मध्यावर सुमारे साडेसात मिलिमीटरनं घटली होती. जाड भिंतीच्या जागी ही घट एक मिलिमीटरच्या आसपास होती. दात तेच, तोंडाचा भाग तोच, काढण्याची काळजीही तीच. फरक फक्त भिंतीच्या जाडीचा होता. त्याच्या दहा वर्षं आधी, २००३ साली, डेन्मार्कमधल्या एका अभ्यासानं दाढा-उपदाढांबद्दल सांगितलं होतं की दात काढल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते.

दोन-तीन महिन्यांत भिंत जाणार असेल तर दात काढल्याबरोबर त्या खड्ड्यात इम्प्लांट घालून तिला आधार का देऊ नये? हा विचार कुणाच्याही मनात येईल, आणि तो आजचा नाही. १९३१ साली मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात उत्खननात माया संस्कृतीतल्या माणसाचा एक खालचा जबडा सापडला. तो इसवी सन ६००च्या सुमाराचा मानतात. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे, दातासारखे घासलेले तुकडे बसवलेले होते. ते मेल्यानंतर सजावटीसाठी घातले असावेत, असं बरीच वर्षं समजलं गेलं. १९७०च्या सुमारास ब्राझीलच्या अमादेओ बॉबिओ यांनी त्या जबड्याचे एक्स-रे काढले, तेव्हा दोन तुकड्यांभोवती नवं घट्ट हाड धरलेलं दिसलं. म्हणजे ते जिवंत माणसाच्या तोंडात होते आणि राहिले होते. पुढच्या दाताच्या जागी दुसरी वस्तू बसवून तिथलं हाड टिकवण्याचा हा बहुधा सर्वांत जुना पुरावा. त्या अनाम कारागिरापुढे मला हात जोडावेसे वाटतात.

आधुनिक गोष्ट १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथं सुरू होते. पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमची एक छोटी कुपी त्यांनी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती निघेना. हाड धातूला चिकटून एकजीव झालं होतं. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे पहिले इम्प्लांट बसवले. पुढे अनेक वर्षं ब्रोनेमार्क यांची पद्धत फार सबुरीची राहिली: दात काढल्यावर जखम पूर्ण भरू द्यायची, कित्येक महिन्यांनी इम्प्लांट घालून ते हिरडीखाली झाकायचं, पुन्हा चार-सहा महिने थांबायचं आणि मग वर दात चढवायचा.

टायटॅनियमच का, हे शिरूर कासारच्या वाचकाला सांगायला सोपं आहे, कारण गावाच्या नावातच धातूची भांडी घडवणारा-विकणारा कासार आहे. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लागते. कथिलाचा तो पातळ थर नसेल तर आंबट पदार्थ धातूला खातो आणि धातू अन्नात उतरतो. टायटॅनियमला स्वतःची कल्हई असते. हवा लागताच त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आपोआप चढतो, ओरखडा पडला तर लगेच पुन्हा चढतो, आणि शरीर त्या थराला परकं मानत नाही. कल्हई धरायला भांडं आधी तापवून, नवसागर लावून स्वच्छ करावं लागतं. त्याचप्रमाणे हाड लवकर धरावं म्हणून आता इम्प्लांटचा पृष्ठभाग वाळूसारख्या कणांचा मारा करून आणि आम्लात बुडवून मुद्दाम खडबडीत करतात. हे टायटॅनियम ज्या खनिजापासून मिळतं ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे.

ब्रोनेमार्क यांची थांबण्याची शिस्त रुग्णांना जाचक होती. जर्मनीत ट्यूबिंगनच्या विल्फ्रीड शुल्टे यांनी सत्तरच्या दशकातच ताज्या खोबणीत बसवायचं सिरॅमिक इम्प्लांट बनवलं. १९८९ साली अमेरिकेच्या रिचर्ड लझारा यांनी ताज्या खोबणीत टायटॅनियम इम्प्लांट बसवण्याची पद्धत मांडली. नव्वदच्या दशकात अनेकांची अशी समजूत झाली की खोबण रिकामी न ठेवता लगेच भरली तर हाड झिजतच नाही.

ही समजूत ब्रोनेमार्क ज्या गॉथेनबर्गमध्ये पुढे अनेक वर्षं काम करत होते त्याच शहरातून मोडली गेली. यान लिंधे आणि ब्राझीलचे मौरिसिओ अराउजो यांनी कुत्र्यांच्या ताज्या खोबणींत इम्प्लांट बसवले आणि काही आठवड्यांनी त्या जागेचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. २००५ साली आलेला निष्कर्ष स्पष्ट होता: इम्प्लांट हाडात पक्कं बसलं होतं, पण गालाकडची भिंत तरीही दोन मिलिमीटरहून अधिक खाली गेली होती. जिभेकडची जवळपास जागेवर होती. खड्ड्यात खांब उभा केला म्हणून पडक्या भिंतीला ओल लागायची थांबत नाही. भिंतीला जगवणारे तंतू दाताच्या मुळावर होते. टायटॅनियमवर ते उगवत नाहीत.

माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच आहे, आणि आजही अनेक दवाखान्यांत ते उलटं सांगितलं जातं. “लगेच इम्प्लांट बसवू म्हणजे हाड टिकेल” हे खरं नाही. लगेच बसवलेलं इम्प्लांट वेळ वाचवतं, एक शस्त्रक्रिया वाचवतं, योग्य रुग्णात हिरडीचा आकारही बऱ्यापैकी राखतं. पुढची भिंत मात्र ते एकटं राखू शकत नाही. भिंत जाणार हे धरूनच डॉक्टरला पुढची आखणी करावी लागते.

ती आखणी कशी करतात? शेताच्या कडेला मेढ रोवणारा माणूस आठवा. जुनी जाड मेढ उपटली, खड्डा रुंद राहिला, आणि आता नवी मेढ तिच्यापेक्षा बारीक आहे. शहाणा माणूस ती खड्ड्याच्या मधोमध टेकवत नाही. तो तळाशी पहारीनं आणखी वीतभर खोल जातो, कारण घट्ट जमीन तिथं आहे. ज्या बाजूची माती भुसभुशीत, त्या बाजूपासून मेढ दूर, भक्कम बाजूला टेकवतो. मग उरलेल्या पोकळीत मुरूम भरून ठोकतो.

दंतवैद्य अगदी हेच करतो. पुढच्या दाताचं मूळ बहुतेकांत बाहेरच्या भिंतीला लागून, तिरकं असतं आणि त्याच्या मागे टाळूच्या बाजूला जाड हाड असतं. इम्प्लांट त्या टाळूकडच्या हाडाला धरून आणि खोबणीच्या तळाच्या पुढे तीन-चार मिलिमीटर शिरेल असं बसवतात. सुरुवातीची घट्ट पकड तिथून येते. ती पिळाच्या जोरावर मोजतात. ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास किंवा अधिक जोर लागला तरच वर तात्पुरता दात लावायचा विचार करतात. पुढच्या बाजूला, इम्प्लांट आणि पातळ भिंत यांच्यामध्ये, दोन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पोकळी मुद्दाम राखतात. त्या पोकळीत हाडाची बारीक भुकटी, म्हणजे बोन ग्राफ्ट, भरतात. बाहेरची भिंत विरली तरी आत नवं हाड तयार झालेलं असावं, हा हिशोब. बारीक व्यासाचं इम्प्लांट इथं शहाणपणाचं असतं. खड्डा भरून काढणारं जाड इम्प्लांट घातलं की पोकळीच उरत नाही, आणि भिंत विरली की धातूची राखाडी छाया हिरडीतून दिसू लागते. दात टिकतो, हसू बिघडतं.

या भुकटीबद्दल महाराष्ट्रात एक गोष्ट मोकळेपणानं बोलली गेली पाहिजे. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी भुकटी गायी-बैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून तयार होते. ती झाकायला वापरलेला पडदा अनेकदा डुकराच्या कोलॅजनचा असतो. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या वारकऱ्याला किंवा नमाज पढणाऱ्या मुसलमान रुग्णाला हे आधी सांगितलंच पाहिजे. पर्याय आहेत: पूर्णपणे कृत्रिम ग्राफ्ट, मानवी अस्थिपेढीतलं हाड किंवा रुग्णाच्याच जबड्यातून घेतलेला तुकडा. प्रत्येकाचे गुणदोष वेगळे. पण निवड रुग्णाची आहे, आणि ती फॉर्मवरच्या सहीनं होत नाही, समजावून सांगितल्यानं होते.

भिंत वाचवायची आणखी एक युक्ती आहे आणि तिच्या प्रसारात मुंबईचाही हात आहे. जर्मनीच्या मार्कुस ह्युर्त्सेलर यांनी २०१० साली सुचवलं की भिंत मुळावर जगत असेल तर मूळ पूर्ण काढायचंच कशाला? मुळाची उभी चीर घ्यायची, ओठाकडची पातळ खाप तंतूंसकट जागेवर ठेवायची, बाकी भाग काढायचा आणि खापेच्या मागे इम्प्लांट बसवायचं. याला सॉकेट शील्ड म्हणतात. माळवद पडलं तरी भिंतीपुरता पडवीचा एक वासा शाबूत ठेवण्यासारखं हे आहे. या पद्धतींवरचा एक ग्रंथ मुंबईचे दंततज्ज्ञ डॉ. उदात्त खेर आणि डॉ. अली टुंकीवाला यांनी संपादित केला आणि तो २०२०मध्ये स्प्रिंगर या आंतरराष्ट्रीय प्रकाशनानं काढला. कल्पना देखणी आहे आणि अनुभवी हातात तिचे निकाल चांगले आहेत. पण ती हाताच्या कौशल्यावर फार अवलंबून आहे. खाप हलली, उघडी पडली किंवा तिला जंतूंची लागण झाली तर त्रास होतो, आणि वीस-तीस वर्षांचा अनुभव अजून कोणाजवळच नाही. ज्यानं ती अनेकदा केली आहे त्याच्याकडेच करून घ्यावी, एवढं म्हणता येईल.

आता “हाड स्थिर आहे” या शब्दांकडे जरा संशयानं पाहू. तोमास आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली यशाची कसोटी ठरवली, ती अशी: पहिल्या वर्षानंतर इम्प्लांटभोवतीचं हाड दरसाल ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झिजावं. पुढच्या भागात लगेच बसवलेल्या एकेकट्या इम्प्लांटांच्या अभ्यासांत पहिल्या वर्षाचा सरासरी बदल साधारण एक मिलिमीटरच्या आत येतो आणि शंभरात पंचाण्णवहून अधिक इम्प्लांट वर्षअखेरीस जागेवर असतात. आकडे चांगले आहेत. पण यातली बहुतेक मोजमापं साध्या एक्स-रेवर घेतलेली आहेत, आणि साधा एक्स-रे म्हणजे सावली. त्यात इम्प्लांटच्या डाव्या-उजव्या अंगाचं हाड दिसतं. ओठाकडची भिंत धातूच्या सावलीत झाकली जाते. ती पूर्ण नाहीशी झाली असली तरी फोटोत सगळं स्थिर दिसू शकतं. त्रिमितीय स्कॅनमध्येही टायटॅनियमच्या लगत प्रतिमा विस्कटते आणि पातळ हाड नीट कळत नाही. त्यामुळे बाजूचं हाड स्थिर आहे म्हणून पुढची भिंतही शाबूत आहे, असं धरून चालता येत नाही. वर्षानंतर आरशात पाहायचं असतं ते हिरडीकडे: तिची कड शेजारच्या दाताच्या रांगेत आहे का, आणि ओठाखालचा वरंबा बसका झाला आहे का.

दोन दातांमधल्या हिरडीच्या छोट्या त्रिकोणाचंही गणित आहे. न्यूयॉर्कच्या डेनिस टार्नाऊ यांनी १९९२ साली दाखवलं की हाडाच्या टोकापासून दोन दात जिथं एकमेकांना टेकतात तिथपर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल तर हा त्रिकोण जवळजवळ नेहमी भरलेला असतो. सहा झालं की निम्म्याच्या जरा वर जागी, सात झालं की चौथाईच्या आसपास. हे मोजमाप नैसर्गिक दातांमधलं होतं, पण एकच दात गेला असेल तर हे बाजूचं हाड शेजारच्या शाबूत दातांनी धरलेलं असतं. म्हणून एका दाताच्या जागी एक इम्प्लांट देखणं दिसतं आणि लागून असलेल्या दोन इम्प्लांटांमध्ये काळा त्रिकोण राहून जातो.

हाडाची कड राखणारी एक गोष्ट तर अपघातानं सापडली. १९९१च्या सुमारास रुंद इम्प्लांट बाजारात आले, पण त्यांच्या मापाचे वरचे जोडभाग अजून बनलेले नव्हते. डॉक्टरांनी नाइलाजानं रुंद इम्प्लांटवर अरुंद जोड बसवला. पुढे एक्स-रेत दिसलं की अशा ठिकाणी कडेचं हाड नेहमीपेक्षा कमी झिजलं आहे. सांधा आत सरकला होता, म्हणून जंतूंचा आणि सूक्ष्म हालचालीचा त्रास हाडाच्या कडेपासून दूर गेला, असं मानतात. आज बहुतेक चांगल्या इम्प्लांटांत हा आत सरकलेला सांधा असतोच.

एवढं शास्त्र पुस्तकातलं झालं. शिरूर कासारच्या माणसाला त्याचं वेळापत्रक निराळं विचारावं लागतं. या तालुक्यातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या मागेपुढे मुकादमाकडून उचल घेऊन टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्याला दर पंधरा दिवसांनी तपासणीला या असं सांगणं सोपं आहे; ते त्याला जमणारं नाही.

आणि इम्प्लांट बसवल्यानंतरचे पहिले काही आठवडेच सर्वांत नाजूक असतात. इम्प्लांटची पहिल्या दिवसाची पकड जुन्या हाडाच्या दाबाची असते. ते हाड थोडं विरतं, नवं अजून पिकलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सर्वांत कमी असते, आणि नेमकं तेव्हा दुखणं पूर्ण थांबलेलं असतं. माणसाला वाटतं, झालं बरं. त्या आठवड्यांत पुढच्या दातानं ऊस सोलला, कडक भाकरीचा तुकडा तोडला, तर इम्प्लांट सूक्ष्म हलतं आणि हाडाऐवजी भोवती नुसते तंतू धरतात. असं इम्प्लांट पुढे गळतंच. म्हणून तात्पुरता दात लावला तरी तो समोरच्या दाताला टेकणार नाही असा ठेवतात, आणि निदान दोन महिने भाकरी आमटीत कुस्करून, बाजूच्या दाढांनी खायची. ऊस दाताला लावायचाच नाही.

त्यामुळे माझं सरळ मत असं: दात उन्हाळ्यात गेला, पुढचे सहा महिने माणूस गावात आहे, भिंत शाबूत आहे, तर लगेच इम्प्लांटचा विचार जरूर करावा. दिवाळीच्या तोंडावर दात गेला आणि आठ दिवसांत टोळी निघणार असेल, तर तो करू नये. दात हळुवार काढून खोबणीत ग्राफ्ट भरून ती झाकावी. झीज त्यानं थांबत नाही, पण बरीच कमी होते. शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला तात्पुरता दात लावावा आणि पाडव्यानंतर आल्यावर स्कॅन करून इम्प्लांट घालावं. यात प्रतिष्ठा कमी होत नाही. अनेक तज्ज्ञ भिंत पातळ असेल तर मुद्दामच आठ-दहा आठवडे थांबून मग इम्प्लांट आणि ग्राफ्ट करतात.

तंबाखूबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बायकांची सकाळ-संध्याकाळची मिश्री पुढच्याच हिरडीवर घासली जाते. पुरुषांची चुना-तंबाखूची चिमूट ओठात बसते. निकोटिनानं रक्तवाहिन्या आक्रसतात आणि ज्या पापुद्र्याला आधीच रक्त कमी, त्याचं उरलंसुरलंही तुटतं. ताब्यात नसलेला मधुमेह असेच घाव घालतो. हे दोन्ही सुरू असताना पुढच्या दाताचं घाईचं इम्प्लांट करू नये, हे डॉक्टरनं आधीच आणि स्पष्ट सांगायला हवं.

दात काढण्याची घाई करू नका, हे बीड जिल्ह्याला बजावून सांगावंसं वाटतं, कारण २०१९ साली इथल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. शरीराचा भाग काढून टाकणं हा पहिला उपाय म्हणून पुढे केला जातो तेव्हा काय होतं, हे या जिल्ह्यानं सोसलं आहे. दात गर्भाशय नव्हे, पण प्रश्न तोच: हा काढायलाच हवा का? मार लागून काळा पडलेला, किडलेला, हलणारा पुढचा दात अनेकदा रूट कॅनल करून, शेजारच्या दातांना बांधून वर्षानुवर्षं वाचतो. दुसरं मत घ्यायला शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. एका दिवसाचा प्रवास, पण आयुष्यभराच्या भिंतीसाठी तो करण्यासारखा आहे.

तरीही काढायचं ठरलं तर हे प्रश्न विचारा. दात काढण्याआधी त्रिमितीय स्कॅन होणार का? पुढची भिंत आहे का, आणि किती जाड? इम्प्लांट भिंतीपासून किती आत बसेल? पोकळीत काय भरणार, ते कशापासून बनलं आहे? पकड पुरेशी मिळाली नाही तर त्या दिवशी काय कराल? चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात. अठरा-वीस वर्षांखालच्या मुलांसाठी तर उत्तर आधीच ठरलेलं आहे: थांबा. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर खाली येतात, इम्प्लांट मात्र हाडात खिळलेलं राहतं आणि काही वर्षांत आखूड दिसू लागतं.

आणि सायकलवरून, मोटारसायकलवरून पडून कुणाचा पक्का पुढचा दात मुळासकट बाहेर आलाच, तर तो फेकू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, क्षणभर पाण्याखाली धरा आणि जमलं तर जागच्या जागी बसवा. नाही जमलं तर दुधाच्या पेल्यात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठा. फक्त मूळ घासू नका. भिंतीला जगवणारा तो तंतूंचा पडदा अजून त्यावर असतो.